हळदीचे बेणे

हळद नाही असे घर आपल्या देशात सापडणे कठीण. स्वयंपाकघरातील मसाल्याच्या डब्यात ती असते, देवापुढील करंड्यात ती असते, लग्नात वधूवरांच्या अंगाला ती लागते, आणि बोट कापले म्हणजे घरातील वडील माणूस प्रथम तिच्याकडेच धाव घेते. परंतु “हळदीचे झाड तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?” असे वर्गात विचारले, तर वर होणाऱ्या हातांची संख्या वर्षागणिक घटत चालली आहे, असा आमचा अनुभव आहे. हळद झाडाला लागते की जमिनीत होते, येथपासूनच मग मतभेद सुरू होतात!

आमच्या गोव्यात आणि शेजारच्या कोकणपट्टीत तरी असे व्हावयास नको होते. येथील घरांच्या परसात, विहिरीच्या काठी किंवा न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, हळदीचा लहानसा वाफा असे. कुळागरांतून पोफळींच्या सावलीत ती आजही लावतात. नागपंचमी आणि गणेशचतुर्थी आली की याच पानांवर तांदळाचे पीठ थापून, आत खोबरे व गूळ यांचे सारण घालून पातोळ्या उकडतात. आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या घरी १५ ऑगस्टच्या सणाला हाच पदार्थ होतो. लोणी कढवताना हळदीच्या पानाचा तुकडा घालण्याची चालही पुष्कळ घरांत आहे. परंतु परसू गेले, घराच्या जागी सदनिका आली, आणि चतुर्थीच्या आदल्या बाजारातून पानांची जुडी विकत आणण्याची पाळी अनेकांवर आली. पाने विकत मिळतात. मग झाड लावण्याचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हळदीच्या स्वभावातच आहे. तोच या लेखाचा विषय होय.

हळद कोणाच्या कुळातील?

आले, वेलदोडा, आंबेहळद आणि सायंकाळी दरवळणारा पांढरा सोनटक्का ही सारी एका कुळातील भावंडे. हळद त्यांच्यापैकीच एक. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली तिला कुर्कुमा लोंगा हे शास्त्रीय नाव दिले. त्यापूर्वी जवळजवळ दोनशे वर्षे, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा येथील औषधी द्रव्यांवरील ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात हळदीची चर्चा आहे. युरोपीय लोकांना केशर ठाऊक होते, हळद नव्हती. म्हणून ते तिला ‘या देशाचे केशर’ म्हणत.

हळदीचे जे हिरवे खोड आपल्याला दिसते ते खरे खोड नव्हे. केळीप्रमाणेच पानांचे देठ एकमेकांभोवती घट्ट गुंडाळले जाऊन ते बनलेले असते. त्यास आभासी खोड म्हणतात. खरे खोड जमिनीखाली आडवे वाढते. शास्त्रात त्यास मूलक्षोड असे नाव आहे. कित्येकांना ते मूळ वाटते. परंतु ओले हळकुंड हातात घेऊन नीट पाहावे. त्यावर पेरांच्या वर्तुळाकार रेषा दिसतात, पातळ खवल्यांसारखी पाने दिसतात, आणि पेरांपाशी लहान डोळे दिसतात. पेर आणि डोळे मुळाला नसतात, खोडाला असतात. मधला जाड गोल भाग तो जेठा गड्डा, आणि त्याच्या अंगाखांद्यावर फुटलेली बोटे ती हळकुंडे.

हळदीला बी नसते

श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास जोमदार झाडाच्या मधोमध एक तुरा येतो. त्याची वरची दले पांढरट, कधी गुलाबी झाक असलेली असतात; खालच्या हिरवट दलांच्या खोबणीतून फिकट पिवळी फुले डोकावतात. फूल येते म्हणजे पुढे फळ आणि बी येईल, असे आपण धरून चालतो. हळदीच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. तिला सहसा बी धरतच नाही.

याचे कारण मोठे मनोरंजक आहे. प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात, आणि बहुतेकांत त्यांचे दोन संच असतात. परागकण किंवा बीजांड तयार होताना या दोन संचांची सारखी वाटणी होते. हळदीच्या पेशीत ६३ गुणसूत्रे आहेत. म्हणजे २१ गुणसूत्रांचे तीन संच. तीन आंबे न कापता दोन भावंडांत सारखे वाटा म्हटले तर वाटता येतील काय? हळदीची अडचण तशीच आहे. वाटणी बिघडते, आणि बी धरत नाही.

म्हणजे आज आपल्या परसात उभे असलेले हळदीचे रोप हे गेल्या वर्षीच्या गड्ड्याचा तुकडा, तो त्याच्या आदल्या वर्षीच्या गड्ड्याचा तुकडा, अशी ही साखळी मागे मागे जाते. पक्ष्याने बी टाकले आणि झाड उगवले, वाऱ्याने बी आणले आणि झाड उगवले, असे तिच्या नशिबी नाही. आपल्या सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात फुलणारी रानहळद आपली आपण जगते. ही घरची हळद मात्र माणसाच्या हातून माणसाच्या हाती जाते. लावण्यासाठी राखलेल्या गड्ड्यास बेणे म्हणतात. ज्या वर्षी घरात बेणे राहिले नाही, त्या वर्षी त्या घरची हळद संपली. दुकानातून कितीही हळकुंडे आणली तरी ती उगवणार नाहीत. कारण विकण्यापूर्वी ती शिजविलेली असतात आणि त्यांचे डोळे त्या आधणातच मेलेले असतात.

लागवड कशी करावी?

बेणे मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. ज्यांच्या परसात हळद आहे अशा शेजाऱ्यांकडून किंवा आप्तांकडून ते मागून घ्यावे. हा मार्ग उत्तम. दुसरा, माघ-फाल्गुनात भाजीबाजारात ओली हळद येते, तिच्यातून टणक, टवटवीत आणि डोळे स्पष्ट दिसणारे गड्डे निवडून राखावे. मऊ पडलेला, सुरकुतलेला किंवा बुरशी आलेला गड्डा घेऊ नये. सुमारे ३० ते ४० ग्रॅम वजनाचा आणि दोन-तीन डोळे असलेला तुकडा एका रोपास पुरेसा होतो.

महाराष्ट्रात अक्षय्य तृतीयेपासून हळद लावण्याची रीत आहे. जेथे पाण्याची सोय कमी, तेथे मृगाच्या सरींच्या तोंडावर, म्हणजे मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात लावावी. लावण्यापूर्वी गड्डे आठ-पंधरा दिवस सावलीत ओलसर गोणपाटाखाली ठेवले, तर डोळे फुगून हिरवट-पांढरे कोंब दिसू लागतात. असे गड्डे एकसारखे उगवतात.

परसात जागा असेल तर वीतभर उंचीचा गादीवाफा करावा. आमची जांभ्याची तांबडी माती पावसात घट्ट बसते. म्हणून तीत भरपूर कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत आणि थोडी वाळू मिसळावी. दोन रोपांत एक फुटाचे अंतर ठेवावे. गड्डा दोन-अडीच इंच खोल, डोळा वर येईल असा ठेवून मातीने झाकावा.

सदनिकेत राहणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. हळद कुंडीत उत्तम येते. कुंडी फूटभर खोल आणि तेवढीच रुंद असावी; जुनी बादली किंवा पत्र्याचा डबाही चालेल. मात्र तळाला भोके हवीतच. दोन भाग माती, एक भाग खत आणि एक भाग वाळू असे मिश्रण घ्यावे, आणि कुंडी काठापर्यंत न भरता वर चार बोटे जागा मोकळी सोडावी. ती का, हे पुढे येईल. एका कुंडीत एकच गड्डा लावावा. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल असा सज्जा हळदीस मानवतो.

कोंब वर येण्यास दोन ते चार आठवडे लागतात. या काळात मुले उतावीळ होऊन माती उकरून पाहतात आणि नेमका कोंबच मोडतात. येथे धीर धरणे हीच निगा.

पावसाळ्यातील निगा

हळदीला ओल हवी, पण साचलेले पाणी नको. साऱ्या निगेचे सार या एका वाक्यात आहे. पाऊस पडत असता पाणी घालण्याची गरज नसते. उघडीप पडली की मातीत बोट घालून पाहावे. दोन पेरांइतकी माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढून टाकावी.

लावल्यावर लगेच वाफ्यावर पालापाचोळा किंवा माडाच्या झावळ्या पसराव्या. त्याने मुसळधार पावसात माती वाहून जात नाही, तण कमी येते, आणि पाला कुजून त्याचेच खत होते. दर महिन्यास मूठभर शेणखत आणि चिमूटभर चुलीतील राख दिली तर रोपे जोमाने वाढतात.

अडीच-तीन महिन्यांनी गड्डे फुगू लागतात आणि मातीच्या वर डोकावतात. उघडे पडलेले हळकुंड उन्हाने हिरवट होते आणि पोसत नाही. म्हणून त्या सुमारास बुंध्याशी मातीची भर घालावी लागते. कुंडीत चार बोटे जागा सोडण्यास सांगितले ते याचसाठी.

हळदीचा मोठा शत्रू म्हणजे कंदकूज. खालची पाने कडेने पिवळी पडतात, बुंधा मऊ होतो, आणि ओढताच रोप हातात येते. तेव्हा समजावे की पाणी तुंबून बुरशीने गड्डा धरला आहे. असे रोप मातीसह काढून दूर टाकावे. शेजारच्या रोपांचा निचरा ताबडतोब सुधारावा. त्या जागी पुढील वर्षी हळद लावू नये, आणि आलेही लावू नये. कारण भावंडांचे रोगही पुष्कळदा सामाईक असतात. खतात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळली तर प्रतिबंधास तिचे साह्य होते. खोडाला भोक पडून भुसा बाहेर आलेला दिसला तर आत खोडकिडा आहे असे जाणून तेवढा फुटवा कापून टाकावा.

पाने किती तोडावी?

चतुर्थीपर्यंत झाड कमरेइतके उंच होते आणि पाने हातभर लांब होतात. साऱ्या घराची दृष्टी मग त्यांच्यावर खिळते. येथे थोडा विवेक हवा. पान हे झाडाचे स्वयंपाकघर आहे. सूर्यप्रकाशात तेथे अन्न तयार होते आणि ते खाली गड्ड्यात साठते. भाद्रपदात सारी पाने ओरबाडली, तर पौष-माघात गड्डा बोटाएवढाच निघेल. एका फुटव्याचे एखादे, फार तर दोन पूर्ण वाढलेले पान घ्यावे. मधली कोवळी सुरळी कधीही तोडू नये. पान ओढून न काढता कात्रीने देठाशी कापावे. घरात चार-पाच रोपे असली तर पातोळ्याही होतील आणि गड्डेही पोसतील.

झाड वाळते तेव्हा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मार्गशीर्षाच्या सुमारास पाने पिवळी पडू लागतात. पौषात ती वाळतात आणि अखेरीस सारे झाड आडवे होते. ज्यांनी प्रथमच हळद लावली आहे ते या वेळी घाबरतात. कोणी अधिक पाणी घालतात, त्याने गड्डे कुजतात. कोणी झाड मेले म्हणून कुंडीतील माती फेकून देतात, आणि तिच्याबरोबर आपले सोनेही फेकतात.

झाड मेलेले नसते. आपले काम पुरे करून, सारे धन खाली ठेवून ते विसावलेले असते. कोरड्या ऋतूत निजावे आणि पावसाबरोबर उठावे, हा मोसमी पावसाच्या प्रदेशातील कित्येक कंदांचा धर्मच आहे. पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करीत जावे, ती वाळली की बंद करावे.

काढणी आणि बेणे

लावणीपासून आठ-नऊ महिन्यांनी, पाला पुरता वाळल्यावर, खणावयास घ्यावे. कुदळीचा घाव गड्ड्यावर बसू नये म्हणून बाजूने माती सैल करावी; कुंडी असेल तर सरळ उपडी करावी. माती झाडून गड्डे सावलीत पसरावे.

यानंतर घरात जो पहिला विचार व्हावा तो खाण्याचा नव्हे, राखण्याचा. सर्वांत चांगले, निरोगी, भरदार गड्डे बेण्यासाठी बाजूला काढावे. पुष्कळ ठिकाणी याच्या उलट होते. मोठे ते शिजवितात आणि उरलेले बारीकसारीक पुन्हा लावतात. असे चार-पाच वर्षे केले की हळद बारीक होत जाते, आणि दोष मातीला दिला जातो. बेणे धुऊ नये. छपराखाली, सावलीत, कोरड्या वाळूच्या थरात ते ठेवावे. वर हळदीचाच वाळलेला पाला पसरावा. वारा लागू द्यावा, ऊन आणि पाणी लागू देऊ नये. महिन्या-दीड महिन्याने पाहून कुजलेला गड्डा वेगळा करावा.

उरलेल्या गड्ड्यांची हळद घरीच करता येते. ते स्वच्छ धुऊन पाण्यात पाऊण ते एक तास शिजवावे. काडी सहज आत गेली म्हणजे शिजले. मग दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवावे, आणि हळकुंड कडकन मोडू लागले की दळावे. पाच किलो ओल्या हळदीची सुमारे एक किलो वाळलेली हळद होते. मिळकत थोडी दिसेल; पण तिच्यात भेसळ नाही याची हमी आपल्या हातात असते. ही हमी लहान नव्हे. हळदीचा रंग उठून दिसावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट हे शिसेयुक्त विषारी रंगद्रव्य तिच्यात मिसळले जात असल्याचे बांगलादेशात झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले होते. शिसे लहान मुलांच्या मेंदूस फार अपायकारक असते.

वाळलेली हळद वर्षानुवर्षे टिकते. सांगलीजवळील हरिपूर येथे जमिनीत खोल पेवे खणून तीत व्यापारी हळद साठवीत. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवांचे नुकसान झाले. परंतु बेणे असे साठवून ठेवता येत नाही. पाऊस आला की त्याला माती हवीच. खाण्याची हळद साठवावी लागते. जिवंत हळद दरवर्षी लावावी लागते.

घरी करून पाहावयाचा प्रयोग

चिमूटभर हळद पाण्यात कालवून टिपकागदाच्या पट्टीस लावावी आणि पट्टी सावलीत वाळवावी. तिच्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकताच पिवळ्याचा तांबूस रंग होतो. त्याच ठिकाणी लिंबाचा रस टाकला की पुन्हा पिवळा येतो. हळदीतील कुर्कुमिन या रंगद्रव्याचा हा गुण आहे. पांढऱ्या सदऱ्यावरील आमटीचा डाग साबण लावताच लाल का होतो, आणि तोच सदरा उन्हात वाळल्यावर डाग फिका का पडतो, याचा उलगडा येथे होतो. कारण हा रंग अल्कलीत बदलतो आणि उन्हात विरतो. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीतही अल्कलीच्या याच करामतीवर आधारलेली आहे.

राखील त्याची हळद

शेवटी एक घडलेली हकीकत सांगून आम्ही हा पाठ पुरा करतो. १९९५ साली अमेरिकेत जखम भरून आणण्यासाठी हळदीचा उपयोग करण्यावर पेटंट दिले गेले. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या जे करीत आल्या तो एक नवा शोध ठरला! भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली त्याला आव्हान दिले. त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, ज्यांचा जन्म १९४३ साली आमच्या गोव्यातील माशेल गावी झाला. “आमच्या घरोघरी हे ठाऊक आहे” एवढे सांगून भागणार नव्हते. लेखी पुरावा हवा होता. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. १९९७ साली पेटंटाचे दावे फेटाळले गेले. पुढे २००१ पासून अशा पारंपरिक ज्ञानाची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे काम भारत सरकारने हाती घेतले.

ज्ञानाचेही हळदीसारखेच आहे. ते आपोआप उगवत नाही. कोणी तरी निवडून, जपून पुढच्याच्या हाती दिले तरच ते टिकते. आजीला बेणे कसे राखावे हे ठाऊक आहे. नातवंडांनी विचारले नाही, तर ते तिच्याबरोबर जाईल.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, या मृगापूर्वी प्रत्येकाने एक गड्डा मिळवावा आणि लावावा. एक वही करावी. कोंब केव्हा आला, पान किती वाढले, फूल केव्हा दिसले, पाला केव्हा वाळला, हे तारखेसह तीत लिहावे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्या खुणा आणि रीती त्याच वहीत उतरवून घ्याव्या. आणि माघात कुंडी उपडी कराल तेव्हा दोन चांगले गड्डे वेगळे काढा. एक आपल्या घरासाठी राखा, आणि दुसरा ज्या शेजाऱ्याकडे हळद नाही त्याला नेऊन द्या.